तिसरी पिन

घरातला कुठलाही स्विचबोर्ड बघा. सॉकेटला तीन छिद्रं असतात. खाली दोन बारीक, वर एक जाड. खालच्या दोघांचं काम सगळ्यांना माहीत आहे, एकातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. वरच्या जाड छिद्राचा आमच्या पिढीला माहीत असलेला उपयोग एकच. दोन पिनांचा मोबाइल चार्जर आत जात नसला की त्यात पेनचं टोपण खुपसायचं, आतली झडप सरकते आणि चार्जर बसतो. (करू नका असं. पण सगळ्यांनी केलंय.)

इलेक्ट्रिक गाड्यांवर सध्या मराठीत भरपूर लिहिलं-बोललं जातं. रेंज किती, सबसिडी किती, बॅटरी किती वर्षं टिकते. गाडी रात्रभर ज्या सॉकेटला लटकून असते, त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. मला त्याचाच इतिहास सांगायचा आहे, आणि त्यातही त्या जाड छिद्राचा. सांगते आहे अकोल्याच्या जठारपेठेतून. आमच्याकडची काळी माती, आमचा उन्हाळा आणि आमचे पत्र्याचे कूलर यांच्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

तीन गोल पिनांचं डिझाइन इंग्रजांचं. १९३४ साली ब्रिटनमध्ये बीएस ५४६ नावाचं मानक निघालं. त्यात दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअरचे प्लग होते. पाचचा आणि पंधराचा आपल्याकडे आला आणि राहिला. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग ठरवला आणि हळूहळू गोल पिना सोडून दिल्या. आपण त्या ठेवल्या. आयएस १२९३ या भारतीय मानकात आता त्यांना सहा आणि सोळा अँपिअर म्हणतात, पण दुकानात जाऊन ‘पंधराचा पॉवर प्लग’ म्हटलं तरच समोरच्याला पटकन कळतं. ‘पॉवर’ हा शब्दही जुना आहे. एके काळी दिवे-पंख्यांची वीज आणि ‘पॉवर’ची वीज यांचे दर वेगळे असत, कित्येक घरांत मीटरही दोन. दर एक झाले, मीटर एक झालं, बोर्डाचं नाव मात्र ‘पॉवर पॉइंट’च राहिलं.

वरची पिन जाड आहे तशी लांबही आहे. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. उपकरणात वीज शिरण्याआधीच त्याचं धातूचं अंग जमिनीशी जोडलं जातं. आतली तार सुटून अंगाला लागली, तर वीज त्या पिनेतून जमिनीत जावी, फ्यूज उडावा आणि माणसाच्या हाताला काही कळूही नये, अशी ही योजना. त्यासाठी त्या पिनेच्या मागे खरोखर एक तार हवी, ती घराबाहेर जायला हवी आणि शेवटी मातीत पुरलेल्या पाइपाला भिडायला हवी.

कायद्याने हे मान्य केलेलं होतं. १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये ३३ वा नियम आहे: वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जिथे सुरू होतो त्याच्याजवळ, हाताला येईल असं अर्थ टर्मिनल द्यायचं आणि ते सांभाळायचं. हा नियम वाचला त्या दिवशी मी आमच्या मीटरपाशी जाऊन बघून आले. जुन्या लाकडी फळीवर एक गंजलेला बोल्ट होता. त्याला कधीकाळी तार असेलही. मीटर बदलताना, भिंत रंगवताना, गॅलरी आत घेताना ती कुठे गेली हे सांगणारं आता घरात कोणी नाही.

आमचं घर आजोबांनी १९७६ मध्ये बांधलं. तेव्हाची वायरिंग म्हणजे भिंतीवर सागवानी पट्टी आणि पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या तारा. तारा ॲल्युमिनियमच्या, कारण तांबं देशात कमी, बाहेरून आणावं लागे आणि महाग पडे. दिव्यांना दोन तारा, पंख्याला दोन तारा. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात एक-एक तीन छिद्रांचं सॉकेट होतं, पण त्यालाही दोनच तारा. वरच्या छिद्राच्या मागे पितळी तुकडा आणि त्याच्या मागे भिंत. वायरिंग करणाऱ्याची चूक आहे असं मला वाटत नाही. तिसऱ्या तारेला पैसे लागत होते आणि ती नसली तरी दिवा लागत होता. वीज घरात आली याचंच अप्रूप असण्याचे ते दिवस. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर पारसला औष्णिक केंद्र उभं राहिलं ते साठच्या दशकात. म्हणजे वीज तयार करण्यात आमचा जिल्हा मागे नव्हता. ती घरात आल्यावर तिचं काय करायचं, हे शिकवायला कोणी आलं नाही.

शिकवलं ते कूलरने.

अकोल्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. एसी परवडण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडाने उन्हाळा काढला तो कूलरवर. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना खस किंवा वूडवूलच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, त्यात छोटा पंप, समोर पंखा. शंभर-दोनशे वॉटचं काम. आता याच यंत्राकडे वायरमनच्या नजरेनं बघा. लोखंडी पत्रा, त्यात साठलेलं पाणी, पाण्यात बुडालेला विजेचा पंप, चोवीस तास ओलावा आणि दर वर्षी आठ महिने माळ्यावर पडून गंजलेल्या तारा. त्याच्यासमोर उभा माणूस ओल्या फरशीवर, अनवाणी, हातात पाण्याची बादली. तीन पिनांच्या प्लगचा शोध ज्या प्रसंगासाठी लागला असेल, तो हाच. आणि नेमका इथेच तो प्लग भिंतीतल्या रिकाम्या छिद्रात घुसत होता.

मग घराघरांतल्या बायकांनी आपले नियम केले. माझी आजी कूलरला कधी तळहात लावत नसे, आधी बोटांची मागची बाजू टेकवून बघे. झटका बसला की हाताचे स्नायू आखडतात. तळहात लावला तर मूठ आवळली जाऊन माणूस चिकटतो, मागची बाजू लावली तर हात मागे फेकला जातो. आजी चौथीपर्यंत शिकलेली. हे तिला कुणी सांगितलं असेल कोण जाणे, पण ते बरोबर होतं. पाणी भरताना लाकडी पाटावर उभं राहायचं, रबरी चप्पल घालायची, बटण बंद करून शिवाय प्लगही काढायचा. जमिनीतल्या पाइपाचं काम पाट आणि चप्पल करत होते. आणि तरीही मी पाचवीत असताना मागच्या गल्लीतला एक मुलगा दुपारी कूलरमध्ये पाणी टाकायला गेला तो परत आलाच नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. त्याच्या घरचं कूलरचं सॉकेट तीन छिद्रांचंच होतं. आजही दर उन्हाळ्यात महावितरणचं पत्रक निघतं, कूलर वापरताना अर्थिंग तपासा म्हणून, आणि आजही दर उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर ती चार ओळींची बातमी येते.

मुद्दा असा की कूलर, फ्रिज, गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन ही सगळी यंत्रं तिसऱ्या पिनेशिवाय मुकाट चालतात. जमिनीशी नातं आहे की नाही, हे ती विचारत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर घरात आलेलं असं पहिलंच उपकरण आहे जे आधी विचारतं आणि उत्तर मनासारखं मिळालं नाही तर काम करायला नकार देतं. ही सवय त्याला कुठून लागली, त्यासाठी जरा लांब जावं लागेल.

घरी गाडी चार्ज करणं ही नवी गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्या चांगल्या चालत होत्या. पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर हँडल मारावं लागे, हात मोडायची भीती असे. इलेक्ट्रिकला ती कटकट नव्हती. हेन्री फोर्डची बायको क्लारा फोर्ड स्वतः १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत असे, यापेक्षा मोठी जाहिरात काय हवी. अडचण होती चार्जिंगची. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते आणि अनेक घरांत येत होती एसी. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्यूइटने पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर शोधला आणि तो श्रीमंतांच्या गॅरेजात जाऊन बसला. काचेचा मोठा फुगा, आत पारा, आणि रात्रभर गॅरेजातून निळसर-जांभळा उजेड. घरगुती चार्जर म्हणजे हा. १९१२ मध्ये कॅडिलॅकला बटणावर चालणारा स्टार्टर आला, हँडल गेलं, पेट्रोल स्वस्त होत गेलं आणि ते निळे फुगे अडगळीत गेले.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९९० चा. कॅलिफोर्नियाने मोटार कंपन्यांना फर्मान काढलं की ठरावीक गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. आता प्रश्न आला की सामान्य माणूस पावसात, ओल्या अंगणात, अर्धवट झोपेत ही केबल लावणार. जनरल मोटर्सने १९९६ च्या ईव्ही-१ गाडीसाठी धातूचा स्पर्शच काढून टाकला. प्लास्टिकचं एक चपटं वल्हं गाडीच्या फटीत सरकवायचं, वीज चुंबकीय क्षेत्रातून जाणार. दुसरा पक्ष म्हणाला, पिना ठेवा, पण वीज सोडण्याआधी सगळं तपासा. त्याच वर्षी अमेरिकेच्या विद्युत संहितेत ६२५ क्रमांकाचं प्रकरण फक्त गाड्यांच्या चार्जिंगसाठी आलं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाने पिनांच्या बाजूने कौल दिला आणि वल्हं संपलं. तपासण्याची पद्धत मात्र जगभर पसरली. भिंतीवरची पेटी आणि गाडी एका बारीक तारेवरून आधी एकमेकींशी बोलतात: केबल नीट बसली का, किती अँपिअर ओढू, जमिनीची तार शाबूत आहे का. हे बोलणं पूर्ण झाल्याशिवाय जाड पिनांत वीज येतच नाही.

म्हणून कारसाठी जी पेटी भिंतीवर लावतात, तिला आपण चार्जर म्हणतो ते चुकीचं आहे. एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरची पेटी ही दारावर बसलेली शिस्तीची आजी आहे, जी चप्पल बघितल्याशिवाय आत सोडत नाही. स्कूटरचं वेगळं. तिथे बहुतेक वेळा ती काळी वीट हाच चार्जर असतो, पण चांगल्या विटांनीही तपासण्याची सवय उचलली आहे.

आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात बिनबोभाट झाली. १९९३ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘लव्हबर्ड’ नावाची छोटी इलेक्ट्रिक कार दाखवली गेली, जपानच्या यास्कावा कंपनीच्या मदतीने बनवलेली. ती रस्त्यावर फारशी दिसलीच नाही. २००१ मध्ये बेंगळुरूहून रेवा आली, तिचं सगळं चार्जिंग घरातल्या पंधराच्या सॉकेटवर. अकोल्यात मात्र आम्हाला घरी बॅटरी चार्ज करायला शिकवलं ते भारनियमनाने. २००५ नंतरची ती वर्षं माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असतील. लाइन कधी जाणार याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं, फीडरचे ए, बी, सी, डी गट, ज्या फीडरवर वीजगळती जास्त त्याला अंधार जास्त. ज्याला परवडेल त्याने जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवला. लेड-ॲसिडची बॅटरी, महिन्याला डिस्टिल्ड वॉटर, चार्ज होताना येणारा तो आंबूस वास. आमच्या घरातलं पहिलं ‘होम चार्जिंग’ हेच. सॉकेट अर्थातच दोन तारांचं.

त्याच सुमारास, २००६ पासून, कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. अडीचशे वॉटची मोटर, ताशी पंचवीस किलोमीटर, ना लायसन्स ना नंबर प्लेट. जठारपेठेत क्लासला जाणाऱ्या पोरींकडे आणि पेन्शनर आजोबांकडे त्या दिसायच्या. त्यांचा चार्जर लॅपटॉपच्या विटेसारखा, दिवाणखान्यातल्या पाचच्या सॉकेटला लावायचा. दीड-दोन वर्षांत लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या बसल्या, नव्या घ्यायला स्कूटरच्या किमतीचा मोठा भाग लागायचा, मग त्या गाड्याही बसल्या.

२०२० मध्ये खरी लाट आली. जानेवारीत पुण्याची बजाज चेतक इलेक्ट्रिक होऊन परतली, त्याच महिन्यात टाटाची नेक्सॉन ईव्ही आली. २०२१ मध्ये राज्याचं नवं ईव्ही धोरण आलं. केंद्राने तर २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, तिला वीज वितरणाचा परवाना लागत नाही. आणि जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं की माणूस आपल्या घरच्या आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. ‘आहे त्या’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याने जठारपेठेतली जोडणी पाहिली असती तर कदाचित जरा थांबून लिहिले असते.

कारण घरातलं सॉकेट आजवर कधी आठ तास ताणलेलं नव्हतं. गिझर दोन किलोवॉटचा, पण वीस मिनिटं. इस्त्री तापते, बंद होते. कूलर रात्रभर चालतो, पण एक अँपिअरच्या आसपास. तीस युनिटची बॅटरी असलेली कार साध्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटने चार्ज होते, म्हणजे सुमारे साडेचौदा अँपिअर, सलग आठ-नऊ तास. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी जराशी सैल असेल तर तिथे उष्णता साठत जाते. जुन्या बारीक तारेवर पंधराचं सॉकेट लावून दिलं, किंवा पंधराचा प्लग पाचमध्ये बसवणारी ती कन्व्हर्जन पिन वापरली, तर सकाळी सॉकेट पिवळं पडलेलं आणि जळकट वास. कारच्या पॉइंटला मीटरपासून स्वतंत्र तांब्याची जाड तार ओढायची ती याचसाठी.

आमच्याकडे २०२३ च्या मार्चमध्ये बाबांनी स्कूटर घेतली. बाबा निवृत्त शिक्षक. स्कूटरची मागणी वीज फार नव्हती, सातशे-आठशे वॉट. पहिल्या रात्री चार्जर लावला, त्यावर लाल दिवा लागला. दुसऱ्या खोलीत लावला, लाल. वरच्या मजल्यावर, लाल. दुकानात नेला तर तिथे पाच सेकंदांत हिरवा.

मग आमचे नेहमीचे वायरमन भाऊ आले. तीस वर्षं आमच्या गल्लीच्या तारा त्यांच्या हातून गेल्यात. त्यांनी होल्डरला दोन तारा लावलेला टेस्टिंगचा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये तारा घातल्या, बल्ब लागला. फेज आणि वरच्या जाड छिद्रात घातल्या, काहीच नाही. घरातल्या अकरा सॉकेटांवर त्यांनी हे केलं. अकराही ठिकाणी काहीच नाही.

“ताई, चार्जर चांगला हाय तुमचा. घरच आजारी हाय.”

“आतापर्यंत कसं चाललं मग?”

“आतापावतो कोनं इचारलं? फ्रिज इचारते का? कूलर इचारते? हे पहिलंच इचारून राहिलं.” मग थोडं थांबून, “दोन मिनिटाचं काम हाय. न्यूट्रलातून एक तुकडा वरच्या पिनेले मारतो. हिरवा लागते का नाही पाहा.”

हा तुकडा म्हणजे या इतिहासातलं सगळ्यात धोकादायक पान आहे, आणि तो फक्त आमच्या गल्लीत मारला जात नाही. न्यूट्रल कुठेतरी, डीपीपाशी, जमिनीशी जोडलेला असतोच. म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले तर चार्जरला वाटतं जमीन सापडली. दिवा हिरवा लागतो. पण खांबावरचा न्यूट्रल एखाद्या वादळात तुटला किंवा नुसता सैल झाला, तर घरात चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून गेलेल्या विजेला परतायला वाट उरत नाही. ती त्या तुकड्यातून तिसऱ्या पिनेत येते आणि गाडीच्या धातूच्या अंगावर पसरते. प्लग लावलेली गाडी म्हणजे चाकांवरचा कूलर होतो. रबरी टायरांमुळे गाडीतली वीज जमिनीत जात नाही, ती वाट बघत बसते. ज्या पिनेने वाचवायचं तीच पिन मारायला येते, आणि तीही फक्त चार्जर नकार देत होता म्हणून.

बाबा म्हणाले, “चाळीस वर्षं कूलर चालला ना बाप्पा असाच.” मी त्यांना मागच्या गल्लीतल्या मुलाची आठवण दिली. तो बाबांच्याच शाळेत होता. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि थोड्या वेळाने पैसे घेऊन बाहेर आले.

आपल्या घरात तपासायचं असेल तर तोच बल्ब, पण स्वतः करू नका, वायरमनला करायला सांगा आणि समोर उभे राहा. फक्त एवढ्याने भागत नाही हेही त्याला सांगा, कारण तुकडा मारलेल्या सॉकेटवरही तो बल्ब लागतो. सॉकेट उघडून बघायला लावा.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. २०२२ मध्ये वेल्लोरला आणि नंतर वसईला घरात स्कूटरची बॅटरी चार्ज होत असताना आग लागली आणि माणसं गेली, वसईत तर लहान मूल. अशा आगींचं मूळ बॅटरीच्या आत असतं. अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी ती थांबत नाही. त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक झालं, त्याचे टप्पे डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून लागू झाले. बॅटरी झोपायच्या खोलीत आणि दाराच्या वाटेत चार्ज करायची नाही, हा धडा त्यातला.

चार्जरची किंमत हाही एक गमतीदार अध्याय. फेम-२ अनुदानासाठी दुचाकीच्या किमतीला दीड लाखाची मर्यादा होती. काही कंपन्यांनी चार्जर वेगळा विकला, म्हणजे गाडीची किंमत मर्यादेत बसते. सरकारने हरकत घेतल्यावर मे २०२३ मध्ये ओला, एथर, टीव्हीएस यांनी ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करण्याचं जाहीर केलं. म्हणजे सरकारदरबारी ठरलं की चार्जरशिवाय गाडी ही गाडी नाही. माझा पुढचा प्रश्न आहे, अर्थिंगशिवाय चार्जर हा चार्जर आहे का? नियमांचं उत्तर स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा नियमांत गाड्यांच्या चार्जिंगचा भाग घातला आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारं संरक्षण मागितलं. तीस मिलिअँपिअर म्हणजे सात वॉटच्या एलईडी बल्बला लागतो तेवढा प्रवाह. तेवढी वीज जरी भलत्या वाटेने गेली तरी आरसीसीबी क्षणात लाइन तोडते. साधा एमसीबी हे करत नाही. त्याला तारेची काळजी असते, माणसाची नसते.

जठारपेठेत आता जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहताहेत, आणि तिथे प्रश्न आणखी एका पायरीवर आहे. पार्किंग तळमजल्यावर, मीटर एका कोपऱ्यात, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय ग्राहक-हक्क नियमांतल्या दुरुस्तीने गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे. पण तोवर माझ्या एका मैत्रिणीच्या इमारतीत लोक चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड दोरीने खाली सोडतात. दोन तारांचा. वरून बादली सोडून भाजी घ्यायचे दिवस गेले म्हणतात, ते खोटं आहे.

आमच्या अंगणातला खड्डा वायरमन भाऊंनी आणि त्यांच्या पुतण्याने दोन दिवसांत खणला. अडीच मीटरचा जीआय पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि खडं मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, त्यावर सिमेंटची छोटी चौकट आणि झाकण. मीटरपासून नवी तांब्याची तार, नवा डीबी, आरसीसीबी. चार्जरचा दिवा हिरवा लागला. पण भाऊ तेवढ्यावर खूश नव्हते. एका ठेकेदाराकडून त्यांनी अर्थ टेस्टर मागून आणलं आणि मोजलं: चार ओहम.

“आता मे मध्ये पाहू,” म्हणाले.

मे मध्ये का, ते मला मे मध्ये कळलं. आमची काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. अंगणात हात जाईल अशा भेगा पडतात. माती पाइपापासून सुटते, ओलावा खाली जातो आणि जमिनीशी असलेलं नातं पातळ होतं. तिकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात उलटी तऱ्हा: जमिनीत मीठ असल्याने वीज छान जाते, पण तेच मीठ पाइप खाऊन टाकतं. आमच्या खड्ड्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात अकरा ओहम दाखवले. आरसीसीबी आहे म्हणून घाबरण्यासारखं नव्हतं, पण भाऊंनी मान हलवली आणि सांगितलं, दर चार दिवसांनी दोन बादल्या.

अकोल्याला पाणी काटेपूर्णा धरणातून येतं आणि उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. मी पहिली बादली नरसाळ्यात ओतली तेव्हा आई ओट्यावरून ओरडली, “नळाचा पत्ता नाही अन् तू मातीले पाणी पाजून राहिली?”

तोडगा तिनेच काढला. कूलरच्या टाकीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर वास येतो आणि डास होतात. ते पाणी ती आजवर तुळशीपलीकडच्या नालीत सोडायची. आता कूलरच्या तळाला एक रबरी नळी लावली आहे, ती भिंतीच्या कडेने जाऊन थेट नरसाळ्यात उतरते. टाकी रिकामी करायच्या आधी आई अजूनही प्लग काढते आणि बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकवून बघते.